ख्रिश्चन विद्यापीठात ट्रान्स्फर: दोन सेमिस्टरनंतरचा अनुभव

पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची दोन वर्षं करून मी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका ख्रिश्चन विद्यापीठात ट्रान्स्फर घेतली. इथली दोन सेमिस्टर आता पार पडली आहेत. घरचे, जुन्या कॉलेजातल्या मुली आणि त्यांचे आईबाबा मला दोनच प्रश्न विचारतात. धर्म बदलायला लावतात का? आणि आधीची दोन वर्षं धरतात का? काळजी सगळ्यांना पहिल्या प्रश्नाची असते, मला छळलं ते दुसऱ्याने. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा प्रत्येक विद्यापीठाला लागू पडतील.

धर्माचं आधी उरकते. नावापुढे ख्रिश्चन लागलं म्हणून सगळी विद्यापीठं सारखी नसतात. इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज किंवा कॅलिफोर्नियातलं बायोला घ्या. तिथे पदवीला प्रवेश घेणारा स्वतः श्रद्धावान ख्रिश्चन असावा लागतो, अर्जातच तसं विचारतात. टेक्सासचं बेलर बॅप्टिस्टांचं, १८४५ सालचं. तिथे कुठल्याही धर्माच्या मुलांना प्रवेश आहे, पण बायबल आणि ख्रिस्ती परंपरा असे दोन विषय आणि ठरावीक सेमिस्टर चॅपल, म्हणजे प्रार्थनासभेची हजेरी, सगळ्यांना करावंच लागतं. नोत्र दाम कॅथलिक आहे, तिथे थिऑलॉजीचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, कोर्स सक्तीचे. माझं विद्यापीठ या दुसऱ्या, प्रवेश सगळ्यांना पण धर्माचे कोर्स सक्तीचे, अशा प्रकारातलं आहे. आपल्याकडचं विल्सन, झेवियर्स किंवा नागपूरचं हिस्लॉप डोळ्यांसमोर ठेवून इथे येऊ नका. ती कॉलेजं मिशनऱ्यांनी काढली, पण पदवी मुंबई किंवा नागपूर विद्यापीठाची, आणि बायबलच्या पेपरावाचून कुणाची पदवी अडत नाही. इथे अडते.

अर्जात श्रद्धेवर एक निबंध होता. आमच्या घरात वारी आहे, आजी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जायची, मी तेच लिहिलं. प्रवेश मिळाला, नंतर कुणी त्यावरून एक अक्षर विचारलं नाही. अर्ज भरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बारावीनंतर कुठल्याही कॉलेजात सेमिस्टर केलं असेल तर तुम्ही ट्रान्स्फर अर्जदार, आणि शिकलेलं प्रत्येक कॉलेज दाखवावं लागतं. मार्क कमी आहेत म्हणून एखादं वर्ष गाळून बारावीच्या गुणपत्रिकेवर फ्रेशर म्हणून अर्ज करायचा सल्ला देणारे एजंट आहेत. ते उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होतो.

आता क्रेडिट, म्हणजे प्रत्येक कोर्सचे पदवीसाठी मोजले जाणारे एकक. पुण्याची ट्रान्स्क्रिप्ट डब्ल्यूईएसकडे (परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यांकन करणारी संस्था) पाठवायची, विषयवार अहवाल मागायचा. नुसता पदवीच्या दर्जाचा स्वस्त अहवाल मिळतो, तो ट्रान्स्फरला निरुपयोगी, त्यावर पैसे घालवू नका. आपल्या मार्कांची भीती मात्र अनाठायी निघाली. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथल्या ग्रेडमध्ये ते चांगलेच दिसतात. माझा एक विषय एटीकेटीत अडकून नंतर सुटला होता, त्याचाही काही बाऊ झाला नाही. फक्त रूपांतरानंतर जो विषय सीच्या खाली उतरतो तो बाद. बारावीला क्रेडिट शून्य.

अहवाल गेला, पत्र आलं: ५६ क्रेडिट मंजूर. पदवीला १२० लागतात, म्हणजे उरले ६४, म्हणजे चार सेमिस्टर आणि वर थोडंसं. घरी पेढे वाटले. मग इथे आल्यावर सल्लागार बाईंनी संगणकावर डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या कुठल्या अटी भरल्या आणि कुठल्या उरल्या त्याचा तक्ता, उघडलं. ५६ पैकी पदवीच्या रकान्यांत प्रत्यक्ष बसले होते ३४. बाकीचे २२ ट्रान्स्क्रिप्टवर दिसतात, मोजले जातात, पण कुठल्याही अटीची जागा भरत नाहीत. राहिले ८६. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं.

हे कसं होतं ते समजून घ्या. पदवीत तीन कप्पे असतात: सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय, तुमच्या मेजरचे (मुख्य शाखेचे) विषय आणि फ्री इलेक्टिव्ह, म्हणजे मर्जीने निवडायचे विषय. आधीच्या कॉलेजातला पेपर इथल्या एखाद्या विशिष्ट कोर्सशी जुळला तरच तो पहिल्या दोन कप्प्यांत जातो, नाही तर तिसऱ्यात. आणि तिसरा कप्पा लहान असतो, तो भरला की पुढचं सगळं जास्तीचं. पुण्याच्या आमच्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटरच्या जोडीला गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स होतं. कॅल्क्युलस जुळलं. इलेक्ट्रॉनिक्सचे सगळे पेपर, प्रॅक्टिकलसकट, इलेक्टिव्हमध्ये गेले, कारण इथे या मेजरला इलेक्ट्रॉनिक्सच नाही. पर्यावरणाचा सक्तीचा पेपरही तिथेच. इंग्रजीचा पेपर कंपोझिशनच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या इंग्रजी लेखनाच्या कोर्सच्या, जागी धरला नाही. भारतातल्या कॉलेजातलं इंग्रजी बहुतेक ठिकाणी असंच बाजूला पडतं. वर आपला दुसऱ्या वर्षाचा पेपर शंभर-दोनशे क्रमांकाच्या, म्हणजे सुरुवातीच्या, पातळीवर येतो, आणि पदवीला तीनशे-चारशेच्या वरच्या कोर्सांची वेगळी किमान अट असते. ती सगळी इथेच भागवावी लागते.

माझी खरी तक्रार इथे आहे. हा हिशेब डिपॉझिट भरण्याआधी मागितला होता. 'अनौपचारिक मूल्यांकन' म्हणून जी यादी आली तिच्यात फक्त मंजूर क्रेडिट होते, मेजरनिहाय ऑडिट नव्हतं. ईमेलला उत्तरं यायची, पण गोड गोड आणि मोघम. मला कुणी फसवलं असं म्हणणार नाही. पण विकणारा एक आणि मोजणारा दुसरा असला की हे असंच व्हायचं. तुम्ही कुठेही अर्ज करा, पैसे भरण्यापूर्वी तुमच्या मेजरवर चालवलेलं डिग्री ऑडिट लेखी मागा. देत नसतील तर त्या मेजरच्या विभागप्रमुखांना थेट लिहा.

कारण निर्णय शेवटी तेच घेतात. रजिस्ट्रारचं ऑफिस फक्त नोंद करतं. मी डिस्क्रीट मॅथ आणि डेटा स्ट्रक्चर्ससाठी अपील केलं. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची प्रत, त्यात युनिटनिहाय मुद्दे, तासिका, संदर्भग्रंथ, हे सगळं जोडलं. प्रॅक्टिकलचा पुरावा काय द्यावा कळेना, तेव्हा सर्टिफाइड जर्नलची पानं स्कॅन करून पाठवली. सह्यांसाठी सरांच्या केबिनबाहेर रांगा लावून पूर्ण केलेलं ते जर्नल सातासमुद्रापार कामाला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. विभागप्रमुखांनी प्रोग्रॅम्सची यादी बघितली आणि दोन्ही विषय मान्य केले, ७ क्रेडिट. ३४ चे ४१ झाले, जवळजवळ अर्धं सेमिस्टर कमी झालं. तेव्हा जर्नलं रद्दीत घालू नका, आणि निघण्याआधी अभ्यासक्रमाच्या प्रतींवर कॉलेजचा शिक्का मारून घ्या. इथून ते काम करवणं म्हणजे भावाला हेलपाटे.

जीपीए मात्र येत नाही. क्रेडिट येतात, ग्रेड मागे राहतात. ज्यांचे मार्क बेताचे होते त्यांना कोरी पाटी मिळते. माझे बरे होते, मला चुटपुट लागली. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप फ्रेशरपेक्षा साधारण कमी असते. आणि एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर सरकारी मदत नाहीच. तेव्हा वेबसाइटवरचा मोठा आकडा कुणासाठी आहे ते नीट वाचा.

धर्माचे सक्तीचे कोर्स कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजातून) स्वस्तात करून आणता येतील असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्याकडे चालत नाही. जागतिक धर्मांचा पेपर बाहेरून आणला तरी तो इलेक्टिव्ह. पण खरं सांगायचं तर बायबलचा कोर्स मला या वर्षातला सर्वांत चांगला कोर्स वाटला. कुणी प्रवचन दिलं नाही. कोणतं पुस्तक कधी, कुणासाठी लिहिलं गेलं, भाषांतरात काय बदलतं, असा अभ्यास होता. टर्म पेपर मी पंडिता रमाबाईंवर लिहिला: मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं, आणि त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेतही होत्या. प्राध्यापकांनी हे नाव ऐकलं नव्हतं, मग वर्गात बोलायला अर्धा तास दिला. चॅपलचं काय, कार्ड स्वाइप करायचं आणि बसायचं. कधी चांगला वक्ता असतो, कधी डुलकी लागते. ट्रान्स्फरवाल्यांना आणलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात चॅपल कमी करतात, ते आपणहून विचारून घ्या, नाही तर पूर्ण मोजलं जातं. कॅम्पसवर दारू नाही, होस्टेलचे नियम कडक. आई खूश आहे.

कंपोझिशनचा कोर्स मी या उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेते आहे, तिथे फी बरीच कमी आहे. त्यासाठी आमच्या रजिस्ट्रारची पूर्वमंजुरी लागते आणि ती कोर्स सुरू होण्याआधी घ्यावी लागते. शिवाय पदवीचे शेवटचे ३० क्रेडिट इथलेच हवेत अशी अट आहे. त्यामुळे बाहेरचं जे काही करायचं ते याच वर्षात उरकणार.