साडेतीन इंची कोळशाचं की सोळा मिलिमीटरचं गॅसचं? घरी वाफेचं इंजिन बनवायला घेण्याआधी

लेथ घेऊन झालाय, आटे पाडता येतात, एखादं छोटं उभं वाफेचं इंजिन करून हात बसलाय आणि आता डोक्यात रेल्वेचं इंजिन घोळतंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या नादाला लागलेले माझ्या ओळखीत बरेच आहेत, पण ते विजेवरचं जग आहे. इथे विषय खऱ्या वाफेचा, म्हणजे आत पाणी उकळणार, सिलिंडरमध्ये वाफ जाणार आणि इंजिन स्वतःच्या ताकदीवर धावणार.

घरच्या वर्कशॉपमध्ये करण्यासारखे पर्याय बरेच असले तरी शेवटी गाडी दोन ठिकाणी येऊन थांबते. एक म्हणजे साडेतीन इंची गेजचं (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), कोळशावर चालणारं, ज्याच्या मागे ट्रॉलीवर माणूस बसू शकतो. दुसरं म्हणजे सोळा मिलिमीटर स्केलचं (खऱ्यातला एक फूट म्हणजे मॉडेलमध्ये सोळा मिमी) नॅरोगेज इंजिन, ३२ मिमी रुळांवर, गॅसवर चालणारं. मी पहिल्या प्रकारावर एका मित्राबरोबर त्याच्या शेडमध्ये बरंच काम केलंय आणि दुसऱ्या प्रकारातलं माथेरानचं इंजिन स्वतःच्या घरी बनवलंय, त्यामुळे दोन्हीकडची धग लागलेली आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोक म्हणतात डिटेल हवं असेल तर मोठं गेज घ्या. ब्रिटिश इंजिनांसाठी साडेतीन इंचीचं स्केल १:१६ धरतात, ते ठीक. पण आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, साडेतीन इंच म्हणजे ८८.९ मिमी, भागून बघा, साधारण १८.८५ येतं. माथेरानची दोन फुटी लाईन ३२ मिमीवर बसवली की १:१९. म्हणजे रुळांवर बरोबर बसणारी डब्ल्यूपी (आपल्या ब्रॉडगेजचं वाफेचं पॅसेंजर इंजिन) केलीत काय आणि माथेरानची राणी केलीत काय, रिव्हेटचं डोकं जवळपास तेवढंच होणार, हँडल तेवढंच, नंबरप्लेट तेवढीच. फरक पडतो तो मूळ इंजिनाच्या आकारामुळे. डब्ल्यूपीचं मोठं चाक ५ फूट ७ इंचाचं, मॉडेलमध्ये ९० मिमी, आणि टेंडरसकट इंजिन मीटरभराच्या वर लांब. माथेरानचं इंजिन एका माणसाला आरामात उचलून गच्चीवर नेता येतं.

साडेतीन इंचीच्या बाजूने बोलायचं तर मन भरून बोलता येईल. आपण बनवलेल्या इंजिनाच्या मागे बसून जाणं, हातात रेग्युलेटर (वाफ कमीजास्त करायचा दांडा), समोर फायरबॉक्सचं म्हणजे आगीच्या पेटीचं दार, प्रेशर गेजचा काटा ऐंशी पीएसआयच्या आसपास, आणि चढ आला की चिमणीचा आवाज बदलणं, हे दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिळत नाही आणि ज्याला हेच हवंय त्याने माझं पुढचं न वाचता सरळ कामाला लागावं. शिकायलाही यात जास्त मिळतं, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, हातपंप, सिलिंडरला तेल देणारा रॅचेटवरचा लुब्रिकेटर, सगळं खऱ्या इंजिनासारखं काम करतं. ब्रिटनमध्ये या गेजची ड्रॉइंग्ज पिढ्यान्‌पिढ्या तपासून निघालेली आहेत, टिच या ड्रॉइंगसारखं छोटं ०-४-० (म्हणजे फक्त चार चाकं, चारही इंजिनाने फिरणारी) घेतलं तर पहिल्या इंजिनालाही झेपतं. कास्टिंग तिकडून मागवली तर कुरिअर आणि कस्टम्सचा भार पडतो, पण कोल्हापूरकडे ओळखीची फाउंड्री असेल तर पॅटर्न देऊन गनमेटलमध्ये ओतून घेता येतं, नाहीतर सिलिंडर सरळ बारमधून काढायचे.

तर मग अडलं कुठे? बॉयलरपाशी. चासी नाही, चाकं नाही, व्हॉल्व्ह गिअरही नाही (सिलिंडरला वेळेवर वाफ देणारी दांड्यांची यंत्रणा, ते किचकट आहे पण टेबलावर बसून शांतपणे जमतं). साडेतीन इंचीचा लोकोमोटिव्ह बॉयलर म्हणजे तांब्याचा बॅरल, त्याला जोडलेली थ्रोटप्लेट (पुढची भिंत), मागची बॅकहेड (ड्रायव्हरकडची भिंत), आतला फायरबॉक्स, त्यातून पुढे जाणाऱ्या ट्यूब, फायरबॉक्सच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींना बांधून ठेवणारे स्टे आणि खाली त्या भिंतींमधली फट बंद करणारी चौकोनी फाउंडेशन रिंग. हे सगळं सिल्व्हर ब्रेझिंगने, म्हणजे चांदीमिश्रित रॉड वितळवून जोडायचं, तेही एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्याने करायचं. दर वेळी फ्लक्स (तापताना धातू साफ ठेवणारी पेस्ट) लावा, सगळा जॉब तापवा, थंड करा, ॲसिडच्या पाण्यात टाका, घासा, धुवा, आणि मग पुढचा टप्पा. आणि दर पुढच्या टप्प्याला आधीचे जोड सुटणार नाहीत ना ही धाकधूक.

खरी पंचाईत तांब्याच्या स्वभावात आहे, उष्णता ते धरून ठेवतच नाही, लगेच सगळीकडे पसरवून टाकतं. ५५ टक्के चांदीची रॉड साधारण ६३० ते ६६० अंशांदरम्यान वितळते, म्हणजे जोडाच्या आजूबाजूचं तांबं मंद लाल व्हायला पाहिजे. फाउंडेशन रिंगच्या एका कोपऱ्यात फ्लक्स काचेसारखं पातळ झालं, रॉड लावली, चांदी छान सर्रकन धावली, आणि तेवढ्यात समोरचा कोपरा काळा पडलेला. टॉर्च तिकडे न्यावा तर हा कोपरा गोठला. तिकडे जास्त वेळ धरला तर फ्लक्स दमून जातं, काळं कवच धरतं आणि मग चांदी त्यावर पाण्याच्या थेंबासारखी गोळा होऊन बसते, कितीही तापवा पुढे सरकत नाही. मग थांबा, थंड करा, सगळं साफ करा आणि पुन्हा पहिल्यापासून. यावर उपाय म्हणजे फायरब्रिकची कोंडी करून जॉब तीन बाजूंनी झाकायचा आणि एक मोठा बर्नर खालून, एक टॉर्च वरून, म्हणजे दोन माणसं. घरच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस ३० मिलिबारच्या आसपास येतो, त्याने हे होत नाही (आणि घरगुती सिलिंडर अशा कामाला लावूही नये). हाय प्रेशर रेग्युलेटर आणि कमर्शियल सिलिंडर पाहिजे. मित्राच्या शेडला उघडी जागा होती म्हणून जमलं. फ्लॅटच्या गॅलरीत १९ किलोचा सिलिंडर, त्यावर घोंघावणारा बर्नर आणि फ्लक्सचा धूर, हे सोसायटीत कोण चालवून घेणार, आणि खरं सांगायचं तर का चालवून घ्यावं? पावसाळ्यात तर खिडक्या लावून हे करणं सरळ धोक्याचं आहे.

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. तुमच्याकडे बंगल्याचं अंगण असेल, मागे पत्र्याची शेड असेल, तर हा मुद्दा तुम्हाला कदाचित लागू होणार नाही.

यावर एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो, एसी-फ्रीजवाले वापरतात ती फॉस्फरस-कॉपरची रॉड. स्वस्त, फ्लक्सशिवाय चालते, कुठेही मिळते. कोळशाच्या बॉयलरला ती वापरू नका. कोळशाच्या धुरात गंधक असतं आणि ते फॉस्फरसवाल्या जोडांना हळूहळू खातं, बाहेरून काही दिसतही नाही.

आणि कोळसा हा वेगळाच विषय. ब्रिटनमधले लोक वेल्सचा कमी राखेचा कोळसा वाटाण्याएवढा फोडून टाकतात. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख ३०-४० टक्क्यांपर्यंत असते, मोठ्या इंजिनाच्या जाळीला ते चालून गेलं, पण तळहाताएवढ्या जाळीवर थोड्याच वेळात राखेचा थर आणि खंगर धरतो, हवा कोंडते आणि प्रेशर पडायला लागतं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या लोणारी कोळशाने आग पेटते मस्त, पण नुसत्या त्याच्यावर चालवायचं तर सतत टाकत राहावं लागतं. चांगला कोळसा मिळवणारे लोक आहेत, तो शोध ज्याचा त्याने करायचा.

आता गॅसवालं. याचा बॉयलर म्हणजे तांब्याची एक नळी, दोन बाजूंना चकत्या, मधून जाणारी, ज्योतीची एक मोठी फ्लू ट्यूब आणि वर व्हॉल्व्ह-नळ बसवायला आटे पाडलेले चार बुश. हातातल्या एका टॉर्चवर, खिडकी उघडी ठेवून, दोन विटांच्या आडोशाला काम होतं. प्रेशरही ४० पीएसआयच्या आसपासच. तरी टेस्ट मात्र तशीच कडक करायची, बॉयलर पूर्ण पाण्याने भरून, हवा काढून, हातपंपाने कामाच्या दुप्पट प्रेशर देऊन काही वेळ ठेवायचं आणि काटा खाली येतो का बघायचं. ब्रिटनमध्ये क्लबचा बॉयलर तपासनीस असतो. आपल्याकडे २५ लिटरच्या आतला बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे आपली आपणच घ्यायची.

गॅसचे त्रास नाहीत असं नाही. जेटचं भोक केसाएवढं असतं, कणभर घाण आली की ज्योत लंगडी होते, आणि त्यात सुई घातली तर भोक कायमचं बिघडतं, उलट्या बाजूने गॅस फुंकून साफ करायचं. परदेशी लोक सांगतात की थंडीत गॅसची टाकी गार पडते म्हणून ती कोमट पाण्यात ठेवा. आपल्याकडे उलटं आहे. ब्युटेनचं (टाकीत भरतो त्या गॅसचं) प्रेशर २० अंशाला गेजवर साधारण एक बार, ४० अंशाला पावणेतीनच्या पुढे. त्यात टाकी कॅबमध्ये, गरम बॉयलरच्या शेजारी. मे महिन्यात दुपारी बर्नर किंचाळतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत राहतो. मी जेट एक नंबर लहान टाकला आणि संध्याकाळी चालवायला लागलो, तेवढ्याने भागलं. कॅम्पिंगच्या डब्यात बऱ्याचदा प्रोपेन मिसळलेलं असतं, त्याचं प्रेशर कितीतरी जास्त, तेव्हा डब्यावरचं वाचल्याशिवाय भरू नका.

आणि हो, चालतं वीस-पंचवीस मिनिटं. आपण त्याच्यामागे बसत नाही, ते फिरतं आणि आपण बघतो. काहींना हे फारच कमी वाटतं. मला वाटत नाही, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

माथेरानचं इंजिन निवडायचं कारण नुसतं प्रेम नाही (ते आहेच). १९०७ साली सुरू झालेल्या या लाईनसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने ही ०-६-० टँक इंजिनं बांधली, आणि सुमारे ६० फूट त्रिज्येची वळणं घेता यावीत म्हणून पुढच्या-मागच्या चाकांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे ॲक्सल दिले. आतला भरीव ॲक्सल फ्रेममध्ये जागच्या जागी फिरतो, त्याच्यावर पोकळ ॲक्सल असतो आणि चाकं त्या पोकळ ॲक्सलवर. मधल्या जोडामुळे चाकांची जोडी बाजूला सरकू शकते, थोडी वळूही शकते, आणि बाहेरच्या क्रँक आणि चाकं एकमेकांना जोडणारे कपलिंग रॉड मात्र सरळच फिरत राहतात. मॉडेलमध्ये मी हे बरंच सोपं केलं. आतल्या ॲक्सलमधून आडवी पिन, बाहेरच्या बाहीला लांबट भोक, आणि बाही दोन्ही टोकांना आतून जराशी फुलवलेली. वरून काहीही दिसत नाही, पण बोटाने चाक ढकललं की ते सरकतं आणि फ्रेम हलत नाही. आणि ६० फूट भागिले १९ म्हणजे मीटरला थोडं कमी, त्यामुळे गच्चीवरचं मीटरभर त्रिज्येचं वळण स्केलला बरोबरच बसतं. साडेतीन इंचीचा माणूस बसेल असा उंच ट्रॅक गच्चीवर मांडायचा विचारही करू नका.

डिटेलचं म्हणाल तर नेरळला इंजिन ठेवलेलं आहे, टेप आणि मोबाईल घेऊन जा, परवानगी विचारा आणि रिव्हेटच्या रांगा मोजून घ्या, फोटोवरून मोजलेलं अंतर तिरकं येतं. बाजूच्या टाकीसाठी अर्धा मिमी पितळी पत्रा, मागच्या बाजूला रेघ मारून, पंच-डायने एकेक रिव्हेट उठवायचा. रांग पूर्ण झाली की पत्रा कमानीसारखा वर उचलतो, कारण प्रत्येक ठोक्याला धातू ताणला जातो. घाबरू नका, लाकडी ठोकळ्यावर उलटा ठेवून कडेने दाबत आणला की बसतो. पण हे सगळं पत्रा मापात कापायच्या आधी करा, नंतर माप चुकतं. पत्रा, रॉड, ट्यूब हे पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवीच्या आसपास फिरलात की मिळतं, तांब्याची हवी त्या जाडीची ट्यूब मात्र शोधावी लागते, म्हणून ड्रॉइंग नक्की करायच्या आधी ट्यूब हातात घ्या आणि बॉयलर तिच्यावरून ठरवा.

एकूण काय, जागा आणि उघडं आवार असेल, मागे बसून जायची हौस असेल, जोडीला एखादा माणूस असेल तर साडेतीन इंची घ्यायला हरकत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल, एकटेच काम करत असाल आणि खरं समाधान बारकाव्यात वाटत असेल, तर माझ्या मते सोळा मिलिमीटर. एकच बॉयलर, पण तो मनासारखा पूर्ण होतो आणि उरलेला सगळा वेळ रिव्हेट, पाइप, कॅबमधले नळ यांना देता येतो.

बार्शी लाईटचं इंजिन करायचं म्हणून कुणी विचारतं, त्यांच्यासाठी एक गोष्ट. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ही १८९७ ची लाईन अडीच फुटी, आणि किटसनने बांधलेलं तिचं ०-८-४ टँक इंजिन दिसायला फारच देखणं आहे. पण अडीच फूट १:१९ ला ४० मिमी येतं आणि ४० मिमीचे रूळ आपल्यालाच बनवत बसावे लागतात. त्यापेक्षा सगळं इंजिन १:१७ ला काढा, मग ४५ मिमीचे तयार रूळ आणि चाकं जवळजवळ अचूक बसतात. फक्त १:१९ चे तयार मिळणारे दिवे, बफर वगैरे त्यावर बारीक दिसतील, ते स्वतः लेथवर काढायची तयारी ठेवा.