उबुंटूवर गिट: घरचं की पीपीएचं?

उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट' म्हटलं की गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाची) २.३४.१ ही आवृत्ती मिळते; हे उबुंटूचं स्वतःचं, म्हणजे घरचं गिट. गिट-कोरचा पीपीए (उबुंटूच्या मुख्य भांडाराबाहेरचा पॅकेजांचा साठा) जोडला, तर सर्वात ताजी स्थिर आवृत्ती येते. बहुतेकांना हा फरक नुसत्या आकड्याचा वाटतो.

तसा तो नाही. उबुंटूवाले सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच मागून टाकतात, मूळ आकडा मात्र २.३४.१ च राहतो. त्यामुळे 'गिट --व्हर्जन' बघून घाबरून जाऊ नका. शेपटीला जोडलेला उबुंटूचा क्रमांक पाहायचा असेल तर 'ॲप्ट पॉलिसी गिट' चालवा. सर्व्हरवर मी डोळे झाकून हेच घरचं गिट ठेवतो. तिथे काम काय, तर क्लोन आणि पुल, म्हणजे कोड उतरवणं आणि ताजा करणं!

रोजच्या लॅपटॉपवर मात्र माझं मन पीपीएकडे झुकतं. २.३७ मध्ये 'पुश.ऑटोसेटअपरिमोट' हे सेटिंग आलं. ते एकदा चालू केलं की नव्या ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या फाट्याच्या) पहिल्या पुशला, म्हणजे ती दूरच्या रिपॉझिटरीत पाठवताना, अपस्ट्रीम (तिथली जोडीची ब्रँच) सांगायची कटकट उरत नाही. घरच्या गिटमध्ये ही सोय नाही. पीपीए जोडायला दोनच ओळी लागतात: 'ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी पीपीए:गिट-कोर/पीपीए', मग ॲप्टचं अपडेट. पुढे नेहमीच्या अपग्रेडबरोबर गिटही वर सरकतं.

परतीची वाट थोडी वाकडी आहे. नुसता पीपीए काढल्यानं नवं गिट जात नाही, जिथल्या तिथे अडकून बसतं. त्यासाठी 'पीपीए-पर्ज' वापरायचं. ते पॅकेज पुन्हा घरच्या आवृत्तीवर आणतं.