तराफा की नळीजाळी?

मालवणातला भाचा विचारतो, "मामा, कप्पाफायकस हे समुद्री शेवाळ लावायचंय. तराफा करू की नळीजाळी?"

तराफा म्हणजे तरंगती बांबूची चौकट, तिच्या दोरांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. त्याला बांबू, दोर, नांगर लागतात. नळीजाळी म्हणजे नळीसारखं लांब जाळं, त्यात तुकडे भरून ते पाण्यात सोडायचं. त्यात बांबूचा खर्च वाचतो.

खरी गोम माशांची. शेवाळखाऊ मासे कोवळे शेंडेच कुरतडतात, मग ४५ दिवसांनी काढायचं काय? तराफ्याखाली जाळं बांधलं की खालून येणारे अडतात, पण ते झाडत राहावं लागतं. नळीतून शेंडे बाहेर आले की उघडेच. ऑस्ट्रेलियात पाणी तापलं, उष्ण पाण्यातले मासे वाढले आणि २००२ नंतरच्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातली केल्पची (मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाची) जंगलं त्यांनी खाऊन टाकली. आपल्याकडे पाणी मुळातच कोमट!

लाटांत मात्र नळीजाळी लवते, तराफा मोडतो. पावसाळ्यात दोन्ही पाण्याबाहेर.

आडोसा असेल आणि रोज होडी घालणार असशील तर तराफा. उघडा किनारा असेल तर नळीजाळी. थोडं माशांना गेलं समज.