कोल्हापुरात माउझरचं बेडिंग: काम चोख, तारखा कच्च्या

आमच्याकडे आजोबांच्या वेळची माउझर रायफल आहे, 1898च्या नमुन्याची, अक्रोडाच्या दस्त्याची. परवाना आता माझ्या नावावर. इकडे कोकणात, कुडाळकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज होतो, आणि लाकडी दस्ता ओलीने फुगतो. शिमग्याला जिथे गोळी बसते तिथे गणपतीत बसत नाही, हे वडीलही म्हणायचे. 2024च्या लोकसभेच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली बंदूक जूनमध्ये हातात आली. पाऊस सरल्यावर रेंजवर नेली, तर शंभर मीटरला पाच गोळ्या वीतभर पसरल्या.

यावर उपाय बेडिंग, म्हणजे बंदुकीचं लोखंड दस्त्यात टेकतं तिथे इपॉक्सी हा घट्ट होणारा गोंद भरून पक्की बैठक करणं. ते घरीच करावं असं मनात होतं. इपॉक्सी काय, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. "आता बंदुकीत सिमेंट भरतास?" हे बायकोने ऐकवलंच. पण 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. म्हणून विधानसभेचं मतदान उरकल्यावर, डिसेंबरात, फोंडा घाट चढून कोल्हापुरातल्या एका परवानाधारक कारागिराकडे गेलो.

त्याने आधी काहीच खोललं नाही. नळी आणि लाकडाच्या फटीवर मला बोट ठेवायला लावलं आणि पुढचा स्क्रू सैल केला. नळी बोटाखाली टुणकन वर आली. "बघितलासा? स्क्रू आवळला की लाकूड तिला वाकवतंय." मग खोललं. रिकॉइल लग म्हणजे रिसीव्हरच्या, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लोखंडी भागाच्या, पोटाखालचा चौकोनी दात. गोळी सुटली की मागे येणारा धक्का हा दात लाकडावर देतो. आमच्या लगमागचं लाकूड फक्त उजव्या कोपऱ्यात दाबून चकचकीत झालं होतं, डावीकडे कागद जाईल एवढी फट. दर गोळीला बंदूक दस्त्यात किंचित फिरत होती, आणि मी इतकी वर्षं दुर्बिणीला शिव्या घालत होतो.

लगमागचं तेल प्यालेलं लाकूड त्याने पटाशीने दोनेक मिलिमीटर काढलं, कारण तेलावर इपॉक्सी धरत नाही. लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेप लावली. मागची बाजू तेवढी उघडी, कारण टेकायचं तिथेच. बाकीकडून लग मोकळा हवा. तो खाली टेकला तर रिसीव्हर नीट बसत नाही. मग धातूवर मेणाचं पॉलिश, दोनदा. माउझरचा पुढचा स्क्रू लगमध्येच जातो, त्याच्या आट्यांत इपॉक्सी शिरलं तर लोखंड आणि लाकूड जन्माचे सोयरे. भोकं पोरांच्या प्लॅस्टिसिनने बुजवली. लोखंडाची पूड घातलेलं इपॉक्सी कालवल्यावर ओल्या शाडूसारखं राखाडी दिसत होतं. स्क्रू त्याने नुसते टेकवले. आवळले असते तर जुना वाकच साच्यात बसला असता. चोवीस तास हात लावायचा नाही.

इथवर पैकीच्या पैकी. पण "चार दिवसांत देतो" म्हणाला आणि लागले एकोणीस. फोन केला की "पावणं, गडबड करू नका." घरी आणून खोलून बघितलं तर डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा हवेचा बुडबुडा, नेमका लग टेकतो तिथे. परत घाट. त्याने कुरकुर न करता फुकट भरून दिलं, पण माझं डिझेल कोण देणार? आतलं कोरं लाकूड पातळ इपॉक्सीने बंद करायचंही मीच सुचवलं. घाटावर कदाचित चालून जात असेल, आमच्या हवेत नाही.

एकूण साडेसहा हजार घेतले. 2025चा पाऊस काढून, दिवाळीनंतर पुन्हा शंभर मीटरवर बसलो. पाचही गोळ्या सोलकढीच्या वाटीखाली झाकतील एवढ्यात, आणि वाटीची जागा शिमग्याला गोळ्या बसल्या होत्या तीच.

जाणार असाल तर मूळ परवाना न्या, आणि बंदूक ठेवून येताना तिचा नंबर घातलेली पावती मागून घ्या. सोमवारी दुकान बंद असतं. मी पहिल्यांदा सोमवारीच गेलो होतो.