घोड्यावरची मांड सुधारण्यासाठी घरी काय करावे: जिम, योगासने, चेंडू की मल्लखांब?

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा घरी आला की पहिले काही महिने सगळ्यांचे लक्ष त्याच्या खुराकाकडे, नालांकडे आणि चालीकडे असते. त्याच्या पाठीवर बसणाऱ्याचे शरीर कसे आहे, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. खान्देशात तर रपेटीचे दिवसही मोजकेच मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उजाडण्यापूर्वीचा तासभर काय तो हाती लागतो. पावसाळ्यात काळी माती अशी चिकट होते की वावराच्या कडेने घोडा काढणे म्हणजे त्याच्या पायाशी खेळ. दत्तजयंतीच्या सुमारास पुन्हा यात्रा भरेपर्यंत मधल्या काळात शरीर तयार ठेवायचे असेल, तर घोड्याविना करायचा व्यायाम निवडावाच लागतो. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, सुधारण्यासाठी जिम, योगासने, चेंडू आणि मल्लखांब यांपैकी नेमके काय निवडावे, असा बऱ्याच तरुणांचा प्रश्न असतो. या सर्व प्रकारांवर कमी-अधिक वेळ आणि थोडे पैसे घालवल्यानंतर माझे जे मत झाले, ते येथे मांडतो.

निवड करण्यापूर्वी आपल्या मांडेत दोष कोणता आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. स्वार बाजूने पाहिला असता त्याचा कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत यावीत, अशी अपेक्षा असते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफॉन या ग्रीक लेखकानेही हेच सांगितले होते, की स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे न बसता पाय फाकवून उभे राहिल्यासारखे बसावे. आपल्याकडे बहुतेकांची बैठक नेमकी खुर्चीची असते, म्हणजे गुडघा वर, पाऊल पुढे आणि सगळा भार माकडहाडाकडे. दुसरा दोष आवळलेल्या मांडीचा. घोडा जरा उसळला की मांड्या चिमट्यासारख्या मिटतात. तिसरा दोष एका अंगाला कलण्याचा असून तो स्वाराला स्वतःला कधीच जाणवत नाही.

येथे आपल्या भागातील एक अडचण नमूद केली पाहिजे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची रेवाल चाल इतकी सरळ असते की स्वाराच्या हातातला पेला हिंदकळू नये, अशी तिची ख्याती आहे. ही चार ठोक्यांची चाल असून तिच्यात दुडकीसारखा घोडा हवेत सुटण्याचा क्षण नसतो, त्यामुळे धक्का फार कमी बसतो आणि बसणाऱ्याचे दोष सहज झाकले जातात. वर्षभर रेवालीवर मिरवलेला माणूस दोन ठोक्यांच्या दुडकीवर बसला की पहिल्या पन्नास पावलांत त्याची परीक्षा होते. म्हणून स्वतःची मांड पारखायची असेल तर रिकिबी, म्हणजे पाय ठेवायची कडी, सोडून दुडकीवर बसून पाहावे आणि त्याचे बाजूने व मागून चित्रीकरण करून घ्यावे.

कलण्याचा दोष घरीही कळतो. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवावेत, प्रत्येकावर एक पाय ठेवून डोळे मिटून सहज उभे राहावे आणि आकडे दुसऱ्याला वाचायला सांगावेत. मी हे केले तेव्हा माझ्या ७२ किलोंपैकी ४० किलो उजव्या पायावर होते. आपण सरळ उभे आहोत अशी माझी पक्की खात्री असताना धाकट्या भावाने हे आकडे वाचून दाखवले. खोगीर नेहमी उजवीकडेच का सरकते, म्हणून मी वर्षभर तंगावर, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्यावर, राग काढत होतो. त्याचे उत्तर त्या दोन काट्यांवर मिळाले.

जिमचा विचार प्रथम करतो, कारण तालुक्याच्या गावीही आता जिम आहे आणि तरुण मुले तिकडेच वळतात. मीही तेथूनच सुरुवात केली, आणि माझी सर्वांत मोठी चूकही तेथेच झाली. मांड्या आतल्या बाजूला दाबायचे एक यंत्र असते. घोडेस्वाराला याहून उपयुक्त काय असणार, असे वाटून सहा महिने मी ते इमानाने केले. परिणाम उलटा झाला. आतली मांडी आवळली की गुडघा वर सरकतो, बैठक खोगिरापासून सुटते आणि वरचे धड उसळू लागते; शिवाय ज्या घोड्याला पायाच्या दाबाने पुढे जायला शिकवले आहे, तो हा दाब इशारा समजून वेग वाढवतो. स्वार घाबरून आणखी आवळतो, घोडा आणखी पळतो. रानात घोड्यामागे आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी ते पाहून एवढेच म्हटले होते, ‘घोडाले धरू नको, घोडावर बठ.’

याचा अर्थ जिम निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पाठीचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, विशेषतः हलक्या वजनाचा डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलणे), एका पायावरचे स्क्वॅट आणि एकाच हातात वजन घेऊन सरळ चालणे, स्वाराच्या फार कामाचे आहेत. एका हातात डंबेल असताना धड दुसरीकडे न कलू देता चालणे हा कलण्याच्या दोषावर मला सापडलेला सर्वांत साधा उपाय आहे. डंबेलऐवजी पाण्याने भरलेली कळशीही चालते. ज्याची मांड सैल आहे, कंबर डुगडुगते आणि तासाभराच्या रपेटीने पाठ भरून येते, त्याने जिमला पहिली पसंती द्यावी. ज्याची मांड आधीच ताठ आहे, त्याने मात्र तीन महिने तरी तिकडे जाऊ नये.

योगासनांचा खर्च शून्य आहे आणि आपल्याकडच्या शरीरांना त्यांची थोडीफार ओळखही असते. सूर्यनमस्कारातील चौथ्या आणि नवव्या स्थितीला अश्वसंचलनासन म्हणतात, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. कारण खुर्चीच्या बैठकीवर याहून नेमका उपाय शोधून सापडणार नाही. कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला मिळणारा सोआस नावाचा एक खोल स्नायू असतो. दिवसभर दुकानात गल्ल्यावर किंवा मोटारसायकलवर बसणाऱ्याचा हा स्नायू आखडतो आणि मग घोड्यावर मांडी खाली लोंबतच नाही. मागचा गुडघा जमिनीला टेकवून, कमरेला बाक न देता, या स्थितीत दोन्ही बाजूंना मिनिटभर थांबल्यास हाच स्नायू ताणला जातो. भराभर पंचवीस नमस्कार घालण्यापेक्षा हे असे थांबणे अधिक गुणाचे ठरते.

आसनांची निवड करताना एक बारकावा लक्षात घ्यावा, जो मला कोणी सांगितला नव्हता. जेवताना, पूजेला किंवा ओट्यावर गप्पा मारताना मांडी घालून बसायची सवय असल्याने आपले खुबे बाहेरच्या बाजूला चांगले फिरतात. घोड्यावर मात्र मांडीचा आतला सपाट भाग खोगिराला लागायला हवा आणि त्यासाठी खुबा थोडा आत फिरावा लागतो. तो फिरला नाही की पावलांचे चवडे बाहेर वळतात आणि पोटरीची मागची बाजू घोड्याच्या कुशीला घासू लागते. जीन्सवर पोटरीच्या मागे पडलेला मळकट पट्टा पाहिला की हा दोष लगेच ओळखता येतो. त्यामुळे केवळ खुबे बाहेर फिरवणारे बद्धकोनासन करून भागत नाही, त्याच्या जोडीला वज्रासन आणि सावकाश वीरासन करावे. गुडघे दुखत असतील तर नितंबांखाली उशी घ्यावी. टाच खाली राहण्यासाठी उकिडवे बसणे पुरेसे आहे. भुईमूग उपटणाऱ्या किंवा निंदणी करणाऱ्या माणसाला त्याची वेगळी शिकवणी लागत नाही, आणि शेतातली माणसे पहिल्याच दिवशी दुकानदारांपेक्षा बरी का बसतात, याचे निम्मे उत्तर मला येथे दिसते.

योगासनांची उणीव एवढीच, की ती बहुतांशी स्थिर असतात आणि घोडा स्थिर नसतो. लवचीकपणा आला तरी हलत्या पाठीबरोबर कंबर कशी सोडायची, हे त्यांतून आपोआप येत नाही. ती उणीव पिलाटीस आणि फेल्डनक्राईस या दोन पद्धती काही अंशी भरून काढतात. जोसेफ पिलाटीस या जर्मन व्यायामशिक्षकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या पद्धतीत पोट आणि पाठ यांच्या खोल स्नायूंवर भर असतो. तिची स्प्रिंगची यंत्रे महाग असतात आणि मोठ्या शहरांबाहेर सहसा पाहायला मिळत नाहीत, परंतु चटईवरचे प्रकार घरी करता येतात. मोशे फेल्डनक्राईस यांच्या पद्धतीतला घड्याळाचा व्यायाम मी अजूनही सोडलेला नाही. गुडघे वाकवून पाठीवर पडायचे, ओटीपोटावर घड्याळाची तबकडी आहे असे समजायचे, बेंबीकडे बारा आणि खाली सहा, आणि कंबर अगदी हलकेच बारावरून सहाकडे व तीनवरून नऊकडे न्यायची, मग सगळ्या आकड्यांवरून गोल फिरवायची. पहिल्या आठवड्यात माझ्या तबकडीवर चार आणि पाच हे आकडेच नव्हते; तेथे आले की कंबर अडखळून थेट सहावर उडी मारायची. दुडकीत मला धक्का नेमका त्याच बाजूने बसत असे. जोर न लावता, दहा मिनिटांत होणारा हा व्यायाम आवळून बसणाऱ्यांनी सर्वांत आधी करावा.

मोठा फुगीर चेंडू, ज्याला जिम बॉल म्हणतात, हे साधन स्वस्त असून घोड्याच्या पाठीशी त्याचे थोडेबहुत साम्य आहे. मध्यम उंचीच्या माणसाला ५५ किंवा ६५ सेंटिमीटरचा चेंडू पुरतो. बसल्यावर गुडघे खुब्यांच्या किंचित खाली यायला हवेत. नितंबांखालची दोन हाडे सारखी टेकली आहेत का, हे चेंडूवर चटकन कळते. त्यावर हलके उसळत असताना हात पुढे लगामाच्या जागी स्थिर ठेवता येत असतील, तर दुडकीची निम्मी तयारी झाली असे समजावे. मात्र चेंडूवर गुडघे टेकून बसण्याच्या किंवा उभे राहण्याच्या ज्या कसरती मोबाइलवर दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. शहाबादी फरशीवर पाय घसरला तर हाड मोडण्याचा धोका खराखुरा आहे, आणि घोड्यावर कोणालाही उभे राहायचे नसते.

मल्लखांबाबद्दल लिहिताना माझा हात थोडा आखडतो, कारण या खेळाविषयी मला प्रेम आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला हा व्यायाम शरीराला जो चपळपणा आणि पडताना सावरण्याची जी समज देतो, ती इतर कशातूनही येत नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना घोडेस्वारी शिकवायची असेल आणि गावात चांगला उस्ताद असेल, तर दुसरा विचार करू नये. चाळिशीच्या माणसाने मात्र एरंडेल लावलेल्या खांबावर नव्याने चढण्यात फारसा लाभ नाही. शिवाय मल्लखांबाची पकड मांड्यांच्या आवळण्यावर उभी आहे. ती सवय घोड्यावर जशीच्या तशी नेली तर जिममधल्या त्या यंत्राचीच गत होते. पुरलेल्या खांबापेक्षा दोरीचा मल्लखांब स्वाराला अधिक मानवेल असे मला वाटते, कारण दोरी स्वतः हलते.

तेव्हा बैठे काम करणाऱ्या, तिशी-चाळिशीच्या, आठवड्यातून एक-दोनदाच घोड्यावर बसणाऱ्या माणसाने पहिले दोन महिने योगासने आणि घड्याळाचा व्यायाम यांवरच भर द्यावा व चेंडू तेवढा जोडीला घ्यावा; जिमचे शुल्क त्यानंतर भरावे. शेतात राबणाऱ्याला खुबे मोकळे करण्यात वेळ घालवण्याची गरज नाही, त्याची पाठ मात्र बहुधा थकलेली असते, म्हणून त्याने एका बाजूच्या वजनाचे व्यायाम आणि चेंडू घ्यावा. कलणाऱ्याने दर पंधरा दिवसांनी दोन काट्यांवर उभे राहावे. कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आठवड्यातून चार दिवस, रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. एका रविवारी दोन तास घाम गाळून सोमवारी ताठलेल्या कमरेने घोड्यावर बसण्याचा प्रकार मी करून पाहिला आहे, आणि त्या दिवशी घोड्याने कान मागे पाडले होते.

माझे काटे आता ३७ आणि ३५ दाखवतात, आणि यंदाच्या पावसाळ्यानंतर तंग दोनदाच आवळावा लागला.