चौदा इंची लॅपटॉप, काही महिन्यांनंतर: वजन लॅपटॉपचं नाही, चार्जरचं बघा

गेल्या महिन्यात चार्जर गेला म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर एवढा वेळ आहे कोणाकडे. स्पेक्स सगळ्यांना पाठ असतीलच, इंटेलचा आय५-१३३५यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १४ इंच, वजन १.४ किलो. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, या बजेटमध्ये सगळे एकाच माळेचे मणी.

तर ते १.४ किलो. रोज कोथरूड ते हिंजवडी, बसमध्ये निम्म्या वेळा उभं राहून, त्यामुळे घेताना वजन आधी आणि बाकी सगळं नंतर. लॅपटॉप खरंच १.४ भरतो, रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलाय, तो पण हसला. पण सोबतची ती चार्जरची वीट! वायर आणि तीन पिनांचा जाडजूड प्लग धरून जवळजवळ अर्धा किलो. मग जाहिरातीत १.९ लिहा की, चार्जर काय शेजाऱ्याने उचलायचाय का?

आणि नेमकी तीच वीट बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्याने दोन सेकंद बघून सांगितलं, पिन वाकलीये, फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं अहो पिन वायरच्या लॅपटॉपकडच्या टोकाला आहे, मग विटेवरचा दिवा का पेटत नाही? तर म्हणे सर, सिस्टिममध्ये असंच टाकावं लागतं. नवीन चार्जर साडेतीन हजार, तोही ऑर्डर केल्यावर आठ दिवसांनी. घासाघीस करायची सोयच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने त्याचा टाइप-सी चार्जर माझ्या लॅपटॉपला लावला आणि चक्क चार्जिंग सुरू! इतके महिने ते पोर्ट पेनड्राइव्हसाठीच आहे असं धरून चाललो होतो, कारण बॉक्समध्ये गोल पिनवाली वीटच दिलेली. शनिवारी तपकीर गल्लीत (पुण्यातलं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट) जाऊन ६५ वॅटचा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राइडवाला, म्हणून आकाराने छोटा) घेतला, सतराशेला, बिलासकट. मुठीत मावतो. घरी लावला तर स्क्रीनवर 'स्लो चार्जर'. परत गेलो तर दुकानदार म्हणतो केबल सगळ्या सेमच असतात. नसतात! साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, २० व्होल्टला ६० वॅटच्या वर जात नाही, ६५ साठी ५ अँपिअरची चिपवाली केबल लागते. ती वेगळी घेतली आणि मेसेज गायब. सगळं मिळून कंपनीच्या चार्जरपेक्षा हजारभर तरी वाचले आणि बॅग एकदम हलकी. त्या दिवसापासून लॅपटॉप आवडायला लागलाय, आधी दोन स्टार देणार होतो, आता चार.

पाचवा स्टार स्क्रीनमुळे गेला. १९२० बाय १२०० पिक्सेल आहे, म्हणजे जुन्या १०८० वाल्यापेक्षा एक्सेलमध्ये चार-पाच ओळी जास्त दिसतात, मॅट असल्यामुळे खिडकीसमोर बसलं तरी स्वतःचं तोंड दिसत नाही. पण रंग ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप), म्हणजे फिक्के. बायकोने ऑनलाइन पैठणी बघितली, लॅपटॉपवर विटकरी आणि मोबाइलवर लालभडक, मागवायची कुठली यावर घरात अर्धा तास चर्चा. फोटोचं काम करणाऱ्यांनी १०० टक्के एसआरजीबी (रंगांचं दुसरं माप) लिहिलेलंच घ्या.

परफॉर्मन्सबद्दल तक्रार नाही. फक्त ८ जीबीची एकच रॅम असलेलं व्हेरिएंट घेऊ नका, सिंगल चॅनलमध्ये (म्हणजे एकाच रॅमवर) प्रोसेसरमधलं तेच आयरिस एक्सई ग्राफिक्स नुसतं यूएचडी, म्हणजे इंटेलचं साधं ग्राफिक्स, म्हणून दिसतं आणि चालतंही तसंच. उन्हाळ्यात पंखा जरा ओरडतो, तो सगळ्यांचाच ओरडतो.

दुकानात जाताना स्वतःचा टाइप-सी चार्जर खिशात घेऊन जा आणि डेमो पीसला लावून बघा. काही मॉडेलमध्ये ते पोर्ट नुसतं डेटाचं असतं, चार्जिंग होत नाही, आणि सेल्समन सगळ्याला हो सर म्हणतो.