रबराचं प्रवाळ आणि ६,२०० रुपयांचा परवाना

समुद्राच्या पाण्याची 'ऑटोमॅटिक' माशांची टाकी विकणाऱ्या एका भामट्यानं मला फसवलं, त्यात एकूण गेले ९७,४५० रुपये. बुकिंगचे ३०,०००, टाकी, स्टँड आणि सम्पचे (पाणी गाळून फिरवणारी खालची टाकी) २८,५००, मोजमाप करणारा कंट्रोलर आणि क्षारांचे डोस सोडणारा डोसर ह्यांचे १८,०००, लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), प्रवाळ आणि क्लाउनफिश माशांच्या जोडीचे मिळून १४,७५०, आणि सगळ्यात शेवटी 'परवान्याचे' ६,२००. रुपयान्‌रुपया मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या बेळगावात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत आकडा फुगतो. टिळकवाडीत कुणी तीन लाख म्हणतंय. तीन लाख नाहीत. घरी मी आधी चाळीस हजार सांगितले होते, तेही खरं नव्हतं. आता घरच्यांनाही इथंच वाचायला मिळेल.

असल्या लोकांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या हप्त्याला खरा माल, गोड बोलणं, मग हळूहळू एकेक हप्ता. मलाही ठाऊक होती. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो, रोज लोकांच्या सह्या आणि पावत्या तपासतो. 'तुमच्यासारखा माणूस कसा काय फसला' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की टाकी खरी आली होती. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, जाड काच, सिलिकॉनचं काम स्वच्छ. खाली सम्प, त्यात पंप, पाणी खेळतंय. पहिल्या दिवशी हे बघून कोण संशय घेईल?

आणि ऑटोमॅटिक हवं हा माझा आळस नव्हता. समुद्राच्या पाण्याची टाकी म्हणजे गोल्डफिशची बरणी नव्हे. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, म्हणजे रोज खारटपणा चढत जातो. भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओ-डीआय केलेल्या, म्हणजे सगळे क्षार काढलेल्या. टाकी जितकी लहान तितका हा चढउतार जलद. मी सकाळी बाहेर पडतो तो दिवेलागणीला परत. त्यामुळे पाणी आपोआप भरणारा फ्लोट, कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) डोस सोडणारा पंप आणि सगळं मोबाईलवर, हे त्यानं सांगितलं तेव्हा पटलं. "सर, तुम्ही नुसतं बघायचं. टाकी स्वतःची काळजी स्वतः घेते." स्वतःला कोल्हापूरकडचा म्हणवायचा. भाषा आपली, वागणं अदबीचं, येताना आमच्या पोरांसाठी कंदी पेढे.

मोबाईलवर ॲप आलं. खारटपणा ३५, तापमान २५.५, पीएच ८.२१. हिरवे आकडे, खाली आलेखाची रेघ. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. शिपायापासून चेअरमनपर्यंत एकालाही सोडलं नाही, आणि आज तेच सगळे मला 'काय प्रवाळ, बरं हाय न्हवं?' म्हणून हाक मारतात.

आता ऐका. पावसाळ्यात आमच्याकडे एकदा लाईट गेली ती संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. घरात इन्व्हर्टर नाही. पंप बंद, वायफाय बंद, कंट्रोलरचा डबा बंद, त्याचा दिवासुद्धा विझलेला. मी मेणबत्ती घेऊन टाकीपाशी उभा, हातात मोबाईल, आणि ॲप म्हणतंय पीएच ८.२१, तापमान २५.५, सर्व ठीक. डबा मेलेला आहे आणि डबा बोलतोय. मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, क्लाऊडवरचा डेटा आहे, बॅकअप असतो." आणि मी, ज्याला दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट ताळ्यात बसवल्याशिवाय झोप येत नाही, तो मी 'हो हो, क्लाऊड' म्हणून झोपलो.

तो आलेख तर आधीच ओरडत होता. जिवंत टाकीत पीएच कधी सरळ रेघेत राहत नाही. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, पाण्यात कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पीएच उतरतो. पहाटे सगळ्यात कमी, संध्याकाळी सगळ्यात जास्त. माझी रेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी. कुणी ऑटोमॅटिक टाकी विकत असेल तर त्याच्यासमोर प्लग उपटा आणि ॲपकडे बघा. पीएचचं प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) कशानं कॅलिब्रेट करायचं ते विचारा. ७ आणि १० चं बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण त्याच्याकडे नसेल तर चहा पाजून वाटेला लावा. नंतर डबा उघडला तेव्हा आत एक वायफाय प्लग, एक टायमर आणि प्रोबची वायर सरळ डिंकात रुतवलेली. कशालाही न जोडलेली. डोसरच्या तीन मोटारींपैकी एक फिरत होती.

प्रवाळांची गोष्ट ह्याहून लाजिरवाणी आहे. त्यानं आणून लावले ते झोआंथिड आणि मशरूम, हे मऊ प्रवाळांचे प्रकार. सूचना दोन दिल्या: महिनाभर फक्त निळा दिवा, म्हणजे ते रुळतात, आणि हात अजिबात लावायचा नाही, विषारी असतात. दुसरी गोष्ट खरी आहे म्हणून तर घात झाला. झोआंथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष सापडतं, मी वाचून खात्री केली होती. पोरांना टाकीपासून लांब ठेवलं. निळ्या उजेडात ते असे चमकायचे की शेजारची माणसं संध्याकाळी बघायला यायची.

माझा मेव्हणा मडगावला असतो, त्याच्याकडे चांगली रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची टाकी आहे. चोर्ला घाटातून आला, टाकीसमोर बसला, पांढरा दिवा लावला, हातमोजा घालून एक मशरूम चिमटीत धरून ओढलं. ते लांब झालं आणि सोडल्यावर टप्पकन परत बसलं. म्हणाला, "भावजी, हे रबर आहे." सिलिकॉनचे प्रवाळ मिळतात, निळ्या दिव्यात चमकतात, दोन-तीनशेला एक. जांभळा लाईव्ह रॉक म्हणजे रंगवलेला सिमेंटचा दगड. त्याला पाडलेल्या ड्रिलच्या भोकाच्या आतही तोच जांभळा रंग, एकसारखा. बादलीतलं 'इंपोर्टेड रीफ सॉल्ट' मेव्हण्यानं विरघळवून टेस्ट किटनं तपासलं. खारटपणा बरोब्बर ३५. अल्कलिनिटी ३ डीकेएचच्या (तिचं माप) आत, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पाहिजे ते साधारण ८ ते ९ आणि ४२०. म्हणजे जाडं मीठ. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कुठले ते सांगत नाही. टेस्ट किट स्वतः घ्या, आणि टाकी विकणाऱ्याकडून नको, दुसऱ्या दुकानातून.

मासे तेवढे खरे होते, आणि मेले तेवढे तेच. अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. ह्यानं एक बाटली ओतली आणि त्याच दिवशी मासे सोडले. 'आज पाणी, आज मासे' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता परवाना. रबर निघायच्या आधीची गोष्ट. एके दिवशी त्याचा मेसेज आला की प्रवाळ वन्यजीव कायद्यात येतं, चेकिंग वाढलंय, तुमच्या नावावर परवाना काढून ठेवूया, ६,२०० होतील. धागा खराच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, आणि दगडी प्रवाळ २००१ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत. मी सुरुवातीलाच बजावलं होतं की बेकायदेशीर काही नको, आणि त्यानंही 'हे मऊ प्रवाळ, त्याचा संबंध नाही' सांगितलं होतं. मग परवाना कशाला? विचारलं मी. "सर, सेफ्टी." पैसे एका बाईच्या नावाच्या खात्यावर मागितले. सरकारी फी कुणा बाईच्या यूपीआयवर जात नाही हे मी रोज सभासदांना सांगतो.

पीडीएफ आली. गोल शिक्का, आडवीतिडवी सही, आणि माझा पत्ता: 'बेळगाव, महाराष्ट्र राज्य'.

१९५६ पासून आमच्या तीन पिढ्यांना जे जमलं नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टात जे पडून आहे, ते ह्या पठ्ठ्यानं ६,२०० रुपयांत करून दिलं. आणि खरं सांगू? ते वाचून मला शंका आली नाही. बरं वाटलं. दोनदा वाचलं. सीमाभागातल्या माणसाला कुठं गुदगुल्या करायच्या हे त्याला नेमकं माहीत होतं. बाहेरच्या कुणी मला ह्यावरून हसू नये.

रबर आहे हे कळल्यावर फोन केला तेव्हा अदब संपली. म्हणाला, "करा तक्रार. शेड्यूल १ चा माल तुमच्या घरात, परवाना खोटा, तीन ते सात वर्षं आत तुम्ही जाणार." रबरासाठी सात वर्षं! पण त्या क्षणी घाम फुटला की नाही ते मला विचारू नका. त्याचा धंदाच ह्या भीतीवर चाललाय. ज्यांची फसवणूक झाली ते गप्प बसतात.

मी गप्प बसलो नाही आणि त्याचं बक्षीस हे असं मिळालं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "कन्नडदल्ली बरेदु कोडी," म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. माझं कन्नड बाजारहाटापुरतं, ऑफिसातल्या कन्नड सहकाऱ्यानं, खरोखर देवमाणूस, बसून दोन पानं लिहून दिली. ती वाचून साहेब म्हणाले, मासा मेला म्हणून कंप्लेंट? मग म्हणाले, सामान दिलंय ना त्यानं, मग हे सिव्हिल. मग 'कोरल' शब्दावर बोट ठेवून म्हणाले, ह्यात तुम्हीच अडकाल, बघा. बरोब्बर त्या चोराचंच वाक्य. वर, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे गेलो तर, पैसे बेळगावातून गेले, तुमच्या कर्नाटकात जा. म्हणजे फिर्याद द्यायला गेलं की आम्ही कर्नाटकातही नाही आणि महाराष्ट्रातही नाही. मधल्या घाटात कुठंतरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्या कलमाची प्रिंट घेऊन पुन्हा गेलो. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. पोच अजून नाही. तुम्ही जाल तेव्हा पोच मागा, आणि नाही म्हणाले तर तक्रार स्पीड पोस्टानं वरच्या अधिकाऱ्याला पाठवा.

वनखात्याच्या एका ऑफिसात तो परवाना दाखवला. त्यांनी हसून सांगितलं की असला कागद आमचा नव्हे, पण पाण्यातलं आमच्याकडे येत नाही, किनाऱ्याकडच्या ऑफिसला विचारा. लेखी द्या म्हटल्यावर हसणं बंद झालं. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, पण तोवर बरेच दिवस उलटले होते, खाती रिकामी. पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासाला १९३०, बायकोशी भांडण नंतर.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झालीय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. नोटीस परत आली, कारण बिलावरच्या पत्त्यावर पिठाची गिरणी आहे. त्या बिलाचंही सांगून टाकतो. जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. माल कर्नाटकात पोचवलेला, म्हणजे दोन राज्यांमधला आयजीएसटी लागायला हवा, आणि बिलावर एकाच राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी. ऑफिसातली नवीन लागलेली पोरगी बघताक्षणी म्हणाली. बिल माझ्या हातात पैसे दिल्यानंतर आलं होतं, हे मी तिला सांगितलं. तुम्ही आधी मागा, आणि तो नंबर जीएसटीच्या वेबसाईटवर टाकून नाव जुळतंय का बघा.

त्यानं आता नवं नाव, नवा नंबर घेतलाय. त्या पेजवर 'आमचं काम' म्हणून जी निळी चमकणारी टाकी टाकलीय ती माझी आहे. मागच्या भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर दिसतं, आणि डाव्या कोपऱ्यात आमच्या धाकट्याची सायकल. फोटो दिसला तर बोलणं वाढवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि आधीच पैसे दिले असतील तर चॅट पुसू नका. दिवा पांढरा करा आणि एक मशरूम ओढून बघा.